नाक दुरुस्त केलेला संत

केस कापायला गेल्यावर माणसाने डोळे मिटावेत, मान खाली घालावी आणि गप्प बसावं, हे शहाणपण मला निवृत्ती तोंडावर आल्यावर सुचलं. चार महिने आधी सुचलं असतं तर भर बागेत, माइकसमोर, एका परक्या माणसाच्या नाकापायी माझी जी शोभा झाली ती टळली असती. पण मी विचारलं. सलूनवाल्याच्या आरशावर एका दाढीवाल्या म्हाताऱ्याची तसबीर होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे कोण?"

"हे आमच्या धंद्याचे," सलूनवाला माझ्या कानाशी वस्तरा धरून म्हणाला. "यांच्या कृपेने हात घसरत नाही. खलाशांचे वेगळे असतात, सुतारांचे वेगळे, शिंप्यांचे वेगळे. हरवलेल्या किल्ल्या शोधून देणारे तर स्वतंत्रच आहेत. चोरांचेसुद्धा आहेत म्हणतात."

"आणि आमच्या थोरलीसारख्या मुलांचे?"

वस्तरा थांबला. त्याने विचार केला. मग म्हणाला, "नाही बुवा ऐकलं कधी," आणि उरलेली हजामत त्याने इतक्या सहानुभूतीने केली की माझे कल्ले एकसारखे झाले नाहीत.

आमची थोरली ऑटिस्टिक आहे. सव्वीस वर्षांची आहे, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे, आणि चादरी तिच्या हाताखालून निघाल्या की अशा दिसतात की त्यावर आजारी माणसाला निजवायची लाज वाटावी. तिला मिक्सरचा आवाज सोसत नाही, न सांगता आलेला पाहुणा सोसत नाही, आणि पाठीवर अचानक थाप मारणारा माणूस तर तिच्या लेखी गुन्हेगार आहे. तिला खोटं बोलता येत नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. मला विचाराल तर तिला ते बोलायचं कारणच सापडत नाही. धाकटीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. थोरली, मी आणि बायको, असे आम्ही तिघं दुसऱ्या मजल्यावर राहतो.

आणि नेमकी त्याच सुमारास तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती. तिथे टायपिंगचा क्लास चालायचा. क्लासवाल्याने गाशा गुंडाळला आणि त्या संध्याकाळी जेवताना थोरली म्हणाली, "खालची खोली रिकामी झाली. मी तिथे राहू का? एकटी."

मी ताटात आणखी भात वाढून घेतला. आता असल्या प्रश्नाला मध्यमवर्गीय बापाकडे पूर्वापार एक उत्तर असतं. मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी बघून आले. खिडकी मागच्या बाजूला आहे. आवाज येत नाही. तुम्ही कधी बघणार?"

तिसऱ्या दिवशीही ती बघून आली. रोज कामावरून येताना ती खोली बघायची आणि रोज मला बातमी द्यायची. घरमालकीणबाई भल्या बाई, त्यांनी बागेतल्या फुलाला सांगावं तसं सांगितलं होतं, "पावसाळा संपेपर्यंत थांबते. मग मात्र कोणाला तरी देईन, बरं का." थोरलीने ते तारखेसकट लक्षात ठेवलं. मी विसरायचा प्रयत्न केला. गॅस चालू राहिला तर? दार उघडं राहिलं तर? कोणी गोड बोलून आत शिरलं तर? आणि या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी तो एक थोरला प्रश्न, जो आमच्यासारख्या प्रत्येक घरात दिवा मालवल्यावर नवरा-बायको एकमेकांना न विचारता पडून राहतात: आमच्यानंतर हिचं कोण?

म्हणून मला संत हवा होता. आता कळतं, तेव्हा वाटत होतं की मी समाजकार्य करतोय.

आमचं एक पालक मंडळ आहे. पोहण्याच्या तलावामागे एक खोली आम्हाला रविवारी मिळते. तिला सतत क्लोरीनचा वास येतो, त्यामुळे आमच्या सभांमध्ये डोळ्यांत पाणी असतं त्याचा भावनेशी संबंध असेलच असं नाही. पालक आत खुर्च्यांवर बसतात आणि 'मुलं' बाहेर कट्ट्यावर. मुलं म्हणजे अगदी लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळेच. आमच्या अध्यक्षांचे धाकटे भाऊ पन्नाशीला टेकले आहेत, टक्कल पडलंय, तेही मुलांतच. त्या रविवारी मात्र ते दारात येऊन म्हणाले, "ट्यूबलाईट गुणगुणते." अध्यक्ष म्हणाले, "हो हो, बस हं बाहेर," आणि आम्ही विषयाला हात घातला.

मी ठराव मांडला. सर्व धंद्यांना, सर्व व्याधींना, किल्ल्यांनासुद्धा कोणी ना कोणी वाली आहे. आमच्याच मुलांना का नसावा? एखादा संत म्हणा, प्रतीक म्हणा, ज्याच्याकडे बोट दाखवून मुलांनी म्हणावं, हा आमचा. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं काम. पण मंडळ म्हटलं की ठराव हा आजार असतो आणि दुरुस्त्या ही त्याची लक्षणं.

एका गृहस्थांनी थोर शास्त्रज्ञ सुचवला. दुसऱ्यांनी चित्रकार. तिसऱ्यांनी एक बुद्धिबळपटू आणला. मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले, "मेलेल्या माणसाचं निदान करायचं कसं? मी तोंड उघडायला लावल्याशिवाय दातसुद्धा सांगत नाही." त्यावर बरीच बाचाबाची झाली. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्या कधी बोलत नाहीत.

"माझा मुलगा काही शास्त्रज्ञ नाही," त्या म्हणाल्या. "त्याला दोनात दोन मिळवता येत नाहीत. कप हातात दिला की पाडतो. आधीच सगळे विचारतात, मग याला काय विशेष येतं हो? चित्र काढतो का, कॅलेंडर सांगतो का? आता त्याचा संतही हुशार निघाला तर त्या पोराने जायचं कुठे?"

खोलीत अशी शांतता पसरली की ट्यूबलाईट खरंच गुणगुणत होती हे पहिल्यांदा ऐकू आलं.

बाईंचं सगळ्यांना पटलं. शेवटी एकमताने ठरलं ते असं: संत असावा, पण हुशार नसावा. प्रसिद्ध नसावा. कोणत्याही जातीचा, गटाचा, पक्षाचा नसावा. चेहरा मात्र प्रेमळ असावा. असा संत शोधून आणायची जबाबदारी अर्थातच ठराव मांडणाऱ्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलांना विचारलंत का?"

"त्यांच्यासाठीच तर आहे."

"ते कळलं. विचारलंत का?"

बायको शाळेत शिकवते. तिला एक प्रश्न दोनदा विचारायची सवय आहे. मी वर्तमानपत्र उघडलं.

आता आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. कोर्टातून निवृत्त झालेले, कारकून होते, पण आयुष्यभर न्यायाधीशांच्या खाली बसल्याने निकाल देण्याची सवय लागलेली. त्यांना सगळं कळलंच. ते चहाला आले (कळवून, थोरलीने त्यांना तेवढं शिकवलं आहे) आणि म्हणाले, "ऐका माझं. संत शोधायचा नसतो, घडवायचा असतो. आधी पुतळा आणा. चरित्र मी लिहितो."

मी शिल्पकाराकडे गेलो. गावाबाहेर, लाकडाच्या वखारीशेजारी त्याचं आवार. तिथे गवतात कमरेपर्यंत उभे असलेले मोठमोठे लोक होते, कुणाला कान नव्हता, कुणाला फक्त पगडी होती. माझी अट ऐकून शिल्पकाराने डोकं खाजवलं. मग एका ताडपत्रीखालून त्याने एक सिमेंटचा अर्धपुतळा काढला. मिशा, बंद गळ्याचा कोट, नजर कुठेतरी बाजूला. चेहरा खरंच प्रेमळ होता.

"एका मोठ्या घराण्याने करायला दिला होता," तो म्हणाला. "माझ्या वडिलांच्या हातचा. घरचे बघायला आले आणि म्हणाले, हे आमचे नव्हेत, नाक चुकलंय. गेले निघून. तेव्हापासून हे इथेच. न्या तुम्ही."

मला गहिवरून आलं. घरच्यांनीच ओळख नाकारलेला माणूस! याहून योग्य संत कुठे मिळणार? मी काकांना दाखवायला बोलावलं. काका पुतळ्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "सगळं ठीक आहे. फक्त नाक फार आहे. असं नाक असलेला माणूस एकांतप्रिय वाटत नाही, वकील वाटतो. थोडं कमी करा."

शिल्पकाराने कानस घेतली. अर्ध्या तासात नाक बेताचं झालं, शेंडा किंचित डावीकडे वळला, आणि संत एकदम कुणाच्या तरी घरातला माणूस दिसू लागला. आम्ही खूष झालो. आम्हाला काय ठाऊक.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या संताचं नाक तर नुकतंच कापलेलं होतं. पुतळा बागेत बसवायला नगरपालिकेची परवानगी हवी. मी स्वतः पाणी खात्यात हेडक्लार्क. लोकांना खिडकीवरून परत पाठवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे खिडकीच्या पलीकडून हा अनुभव कसा असतो याची मला कल्पना होती. ती कल्पना अपुरी होती.

"संत असेल तर धर्मादाय खातं," खिडकीतला कारकून म्हणाला. "पुढारी असेल तर सार्वजनिक बांधकाम. नुसतीच शोभेची मूर्ती असेल तर उद्यान."

"हे ऑटिस्टिक लोकांचं प्रतीक आहे."

"मग आरोग्य."

आरोग्य खात्याने विचारलं, प्रतीकाला ऑटिझम असल्याचा दाखला कुठे आहे? मी म्हटलं, ते वारले. मग मृत्यूचा दाखला द्या. मी म्हटलं, ते कोण हेच माहीत नाही. बेवारस असतील तर पोलिसांचं पत्र लागेल. त्या दिवशी मी घरी येऊन कोट न काढता पलंगावर पडलो. थोरली दारात आली.

"बाबा, आज पण मी खोली बघून आले. भिंतीला ओल नाही."

"अगं, मी तुझ्यासाठीच धावतोय ना!" मी जरा मोठ्याने बोललो.

"माझ्यासाठी खाली धावायचं आहे," ती म्हणाली. "दोन जिने." आणि ती हात धुवायला गेली.

शेवटी उद्यान खात्यातल्या एका बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, "पुतळ्यांचा कोटा संपलाय. बाकडी मात्र शिल्लक आहेत. बाकडं म्हणून लावता का? पाठ टेकायला काहीही चालतं." अशा रीतीने आमचा संत सरकारदप्तरी 'बाकडे, दोन व्यक्तींचे, पाठीसह' म्हणून मंजूर झाला. त्याच्या चौथऱ्याला पुढून दोन माणसांची बैठक काढावी लागली. माझ्या स्वाभिमानाला लागलं. पण अडला हरी म्हणतात, ते उगाच नाही. बाकडं असल्यामुळे उद्घाटनाला उद्यान समितीचे सभापती येणं मात्र बंधनकारक झालं.

समारंभ दहाचा ठरला. दोरी ओढायचा मान थोरलीला, कारण प्रतीक आपल्या मुलांचं, तर हातही आपल्याच मुलीचा असावा, असं अध्यक्ष म्हणाले. मी तिला समजावून सांगितलं: दहा वाजता दोरी ओढायची. ही माझी चूक. जगातल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य सांगितलं असतं तर त्याला आपोआप कळलं असतं की दहा म्हणजे सभापती येतील तेव्हा. आम्ही सगळे तसंच समजून चाललो होतो. खुर्च्या अजून लागत होत्या, माइकवाला माइकला फुंकर मारत होता, काका चरित्राचे कागद जुळवत होते. दहाचा ठोका पडला आणि थोरलीने दोरी ओढली.

पडदा खाली. सभापतींचा पत्ता नाही. थोरली म्हणाली, "झालं," आणि संताच्या पुढ्यात, बाकड्यावर जाऊन बसली. शेजारी अध्यक्षांचे भाऊ येऊन बसले. संताला पहिले दोन भाविक मिळाले होते. पण आमच्या मंडळाची तारांबळ उडाली.

"पुन्हा झाका, पुन्हा झाका!" काका ओरडले.

"एकदा उघडलं ते उघडलं," थोरली म्हणाली. "आता झाकून परत उघडलं तर ते नाटक होईल."

नाटकच करायचं होतं. दातांच्या डॉक्टरांनी आणि मी त्या दोघांच्या डोक्यावरून पडदा कसाबसा परत चढवला. सभापती आले ते अकराच्या पुढे. उंच, भारदस्त, तोंडावर कायमचं उद्घाटनाचं हसू. काकांनी चरित्र वाचायला घेतलं. "ज्यांचं नाव इतिहासाला ज्ञात नाही, ज्यांनी आयुष्यभर एकांतात राहून, कोणताही गाजावाजा न करता..." इतक्यात मी दोरी ओढली.

सभापतींचं हसू जागच्या जागी थिजलं. ते दोन पावलं पुढे गेले.

"हे आमचे आजोबा आहेत," ते म्हणाले.

काकांनी कागदातून मान वर केली. "इतिहासाला ज्ञात नाही असं..."

"मला ज्ञात आहेत! हे नाक... अगदी हेच नाक!" आणि माझ्या ध्यानात आलं की आमच्या कानशीने त्या घराण्याची जुनी तक्रार दूर केली होती.

सभापतींनी मागचा 'ऑटिस्टिक मुलांचं प्रतीक' असा आमचा फलक वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही आमच्या आजोबांना, माझ्या आजोबांना, अशा..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण तो शब्द आम्हा सगळ्यांना पाठ होता. शाळेच्या दारात, बसमध्ये, लग्न जमवताना आम्ही तो ऐकलेला होता. खुर्च्यांवरच्या प्रत्येक बापाने मान खाली घातली. मागच्या रांगेतल्या त्या बाईंनी आपल्या मुलाचा हात घट्ट धरला. मला राग आला, खूप राग आला.

सभापती पुतळ्याकडे बघतच राहिले होते. मग त्यांचा आवाज उतरला. "जेवायला बसले की तोंड भिंतीकडे करायचे," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "घरात पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर. एकच कोट. तो फाटला की तसाच दुसरा शिवून घ्यायचे, शिंप्याने बटण बदललं तर घालायचे नाहीत. आम्ही पोरं हसायचो. आजी म्हणायची, विक्षिप्त आहेत, सोडा." ते बाकड्याजवळ वाकले. तिथे थोरली बसलेली होती. "ताई, तुम्हाला कळत असेल. माझे आजोबा... तुमच्यासारखे होते का हो?"

आमचं अख्खं मंडळ खुर्च्यांवरून पुढे सरकलं. एक 'हो' म्हटलं असतं तिने, तर संत मिळाला असता, घराणं मिळालं असतं, सभापती कायमचे आमचे झाले असते.

"मला माहीत नाही," थोरली म्हणाली. "मी त्यांना भेटले नाही. तुम्ही भेटला होतात. तुम्ही विचारलं नाही?"

"नाही," सभापती म्हणाले. "कोणीच नाही विचारलं."

"मलाही विचारत नाहीत," थोरली म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. चादर ओली आहे असं सांगावं तसं सांगितलं.

अध्यक्ष हे प्रसंगावधानी गृहस्थ. हातचा संत निसटतोय म्हटल्यावर त्यांनी माइक ओढून जाहीर केलं की मेलेल्या प्रतीकापेक्षा जिवंत प्रतीक बरं, आणि आजपासून ही सत्यवचनी कन्याच आपली अग्रणी! टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीने कान झाकले. टाळ्या ओशाळून थांबल्या. मग तिने माइक मागितला आणि तो तोंडापासून लांब धरला.

"मला नको. संताला एका जागी उभं राहावं लागतं. मला कामावर जायचं असतं." तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. "आणि मी सगळ्यांसारखी नाही. या दादांना गर्दी आवडते, मला नाही. त्यांना ट्यूबलाईटचा त्रास होतो, मला मिक्सरचा. माझं मला विचारा, त्यांचं त्यांना. मला खालची खोली हवी आहे. बाबा बघू म्हणतात. पावसाळा संपत आला."

सगळी बाग माझ्याकडे वळली. सभापतीसुद्धा. "अहो, मग द्या की," ते म्हणाले.

परक्या माणसाने भर सभेत असं सांगावं! माझं डोकं फिरलं. मी ताडकन म्हटलं, "द्या की, म्हणजे? आणि आमच्यानंतर? आम्ही गेल्यावर कोण बघणार तिला? तुम्ही?" माइक थोरलीच्या हातात, माझ्याच दिशेला होता. 'आमच्यानंतर' हा शब्द झाडांवरून, झोपाळ्यांवरून, कुंपणापर्यंत जाऊन परत आला. बायकोने माझ्या बाहीला धरलं. ज्या प्रश्नाला आम्ही घरात कधी तोंड फोडलं नव्हतं तो मी नगरपालिकेच्या माइकवर विचारून बसलो होतो, आणि तोही तिच्यासमोर.

थोरलीला मात्र धक्काबिक्का काही बसला नाही. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"आधी मी. मग लाँड्रीतल्या मावशी. मग धाकटी, फोनवर. मग काका, पण त्यांनी बेल वाजवून यायचं." मग तिने बोटं मिटली. "पण मी आत्ता एकटी राहायला शिकले, तर चुकलं की तुम्हाला विचारता येईल. तुम्ही वरच आहात. तुमच्यानंतर शिकले तर कोणाला विचारू?"

मी पाणी खात्यात एवढी वर्षं काढली. नोटिंगवर नोटिंग लिहिली, वरिष्ठांची तोंडं बंद केली. या वाक्यावर मला शेरा मारता आला नाही. मी चष्मा पुसला. तिथे क्लोरीन नव्हतं.

संध्याकाळी मी घरमालकीणबाईंकडे गेलो. दोन जिने खाली, धावत नाही, पण भरभर.

बाकीचं सांगायचं तर आजोबा बागेतच राहिले. फलक सभापतींनी काढायला लावला आणि तिथे आजोबांचं खरं नाव घातलं, बाकी काही नाही. ते अधूनमधून स्वतः येऊन तिथे बसतात. आमच्या मंडळात काही जण म्हणतात ते ऑटिस्टिक होते, काही म्हणतात नव्हते. संत असावा की नसावा हा वाद तर अजून चालूच आहे, फक्त आता मुलं कट्ट्यावर नसतात, आत असतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी ट्यूबलाईट बदलून घेतली. संताचा विषय मतदानाला टाकला तेव्हा तिघे हो म्हणाले, चौघे नको, आणि त्या कप पाडणाऱ्या मुलाने सुचवलं की संत नको, पण बाकडी अजून हवीत. तो ठराव उद्यान खात्याकडे गेला आहे. मीच नेऊन दिला.

थोरली खाली राहायला गेली त्याला आता बरेच दिवस झाले. पहिल्या आठवड्यात दूध उतू गेलं, एकदा किल्ली आत राहिली, एकदा नळ उघडा राहिला. प्रत्येक वेळी ती वर आली, विचारलं आणि गेली. मी जिन्यात उगाच चपला शोधत उभा राहायचो. बायकोने तेही बंद केलं. मग एका रविवारी आम्हाला बोलावणं आलं. पाच वाजता. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, दोन जिने उतरून, पाच वाजता बेल वाजवली.

तिने दार उघडलं. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. खुर्च्या दोनच कशा, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दोघं आलात ना. मी पलंगावर बसते." खिडकीतून मागची भिंत आणि तिच्यावरची वेल दिसत होती. खरंच आवाज येत नव्हता. तिने चहा दिला. साखर मला जास्त, आईला कमी, न विचारता बरोबर. मला गॅसकडे बघायची फार इच्छा झाली. बायकोने टेबलाखालून पाय दाबला. आम्ही लाँड्रीच्या गोष्टी ऐकल्या, नवीन मशीन कसं आलंय, मावशींचा गुडघा कसा आहे. ती हसली. मी तिला परक्या माणसासारखा बघत होतो, म्हणजे पहिल्यांदा नीट बघत होतो.

चहा संपला. तिने कप उचलले, धुतले, पालथे घातले. मग हात पुसून म्हणाली, "मला छान वाटलं. आता पुरे झालं. आता तुम्ही जा."

आम्ही उठलो. दार आमच्या मागे लागलं, आतून कडी बसल्याचा आवाज आला, नीट, पूर्ण. पहिल्या जिन्याच्या वळणावर बायको पायरीवरच बसली. मला वाटलं तिला रडू येतंय. मीही शेजारी बसलो.

"अगं," मी म्हटलं, "आपल्याला हाकललं तिने."

"हो," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. "तिच्या घरातून."

नोकरीत, सभांत, खिडक्यांवरून मला आजवर पुष्कळांनी वाटेला लावलं आहे. पण बाहेर काढल्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. उरलेला जिना आम्ही हसतच चढलो.